राखाडी शाल

४ ऑगस्ट

चि. खारूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. पत्र तुझ्या काकूने वाचून दाखवलं आणि हे उत्तरही तीच लिहिते आहे. मी बोलते, ती उतरवते. मास्तरीण पडली, त्यामुळे मध्येच थांबून वाक्य सुधारू का म्हणून विचारते. माझी वाक्यं सत्तर वर्षं स्वतःच्या पायांवर चालतायत, त्यांना कुबड्या नकोत असं तिला सांगितलं. हेही लिही म्हटलं, तर नाक मुरडून लिहिते आहे.

तू नोकरी सोडलीस हे ऐकून तुझ्या काकाने कपाळावर हात मारला. मी नाही मारला. साबणाच्या वड्यांचे आणि बुटांचे फोटो काढून पोट भरतं, मन भरत नाही, एवढं मला कळतं. पुढचं मात्र कळलं नाही. तुला चित्रांच्या एका दालनात बारा फोटो लावायला भिंत मिळेल म्हणतेस. फोटो आजचे, तुझ्याच घरातले, नव्या कॅमेऱ्याचे. पण दिसायला हवेत तुझ्या आजोबांच्या स्लाइड्ससारखे, जुने आणि मवाळ. म्हणजे कोरं करकरीत पातेलं आणायचं आणि दगडावर आपटून त्याला पोचे पाडायचे. आमच्या वेळी असं करणाऱ्याला मार मिळायचा, आता भिंत मिळते.

स्लाइड्सचा डबा तुझ्याकडे आहे, मग मला कशाला विचारतेस, असं आधी वाटलं. काकूने पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उमगलं. काही स्लाइड्स लाल पडल्यात, काहींवर बुरशी चढली आहे, आणि ज्या धड आहेत त्या यंत्रात घातल्या की यंत्र भडक रंग दाखवतं. मग खरं कोणाचं मानायचं? तर माझं. आजोबा चष्म्याचं दुकान बंद झालं की मागच्या भिंतीवर स्लाइड्स दाखवायचे, ते पाहिलेल्यांत जाणतं माणूस आता मी एकटीच उरले. तुझा बाप आणि काका तेव्हा भिंतीपेक्षा एकमेकांच्या चिमट्यांकडे जास्त बघत.

ते रंग कसे होते सांगू? सावलीत वाळवलेल्या कपड्यासारखे. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. तू पाकिटात घातलेले तीन फोटो मात्र ओरडतात. बरणीचा डोळ्यात खुपतो, जिन्याचा त्याहून जास्त, आणि वाळत घातलेल्या चादरीतला निळा तर अंगावरच धावून येतो. त्याला आवर.

वेळेवर जेव. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी
(अक्षर काकूचं, अक्कल माझी.)


१३ ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर हसले आणि मग संगणकापुढे बसून तुझ्या म्हणण्याप्रमाणे एकेक रंग खाली आणत गेले. आधी उजेडाचा चटका काढला. मग काळ्याला थोडं राखेकडे नेलं, पांढऱ्यात दुधावरच्या सायीइतका पिवळा घातला, निळ्याला चांगलंच दटावलं. हे सगळं बोटाने एक खुंटी सरकवावी तसं असतं, पण किती सरकवायची हे कोणीच सांगत नाही. रात्री बरोबर वाटलेला फोटो सकाळी चहाच्या फडक्यासारखा दिसतो. माझा गोंधळ काय सांगू! जुनं म्हणजे काय, हेच मला कळेनासं झालं आहे. फिल्मच तशी होती, की तिला वय झालं म्हणून ती तशी दिसते?

एक गोष्ट बघून सांग. डब्यात तुझी एक स्लाइड आहे. तू दुकानाच्या दारात उभी आहेस, खांद्यावर शाल, चेहरा असा की फोटो काढणाऱ्याला आता रागावणार. यंत्र ती शाल निळी दाखवतं. साधी निळी नाही, दौतीतल्या शाईसारखी. ती शाल अजून तुझ्याकडे आहे ना? तिचा खरा रंग कळला तर मी बाकीचे सगळे रंग त्याच्या मागोमाग लावून घेईन. एका शितावरून भाताची परीक्षा.

घाई अशी, की दालनवाल्यांना महिनाअखेर नमुन्याचा एक फोटो द्यायचा आहे. त्यांना पटला तर भिंत माझी, नाहीतर एका मातीकाम करणाऱ्या बाईंची. आणि स्टुडिओतल्या माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलीसुद्धा. मागे फिरायला वाट नाही. सोबत दोन नवे फोटो पाठवते. निर्भीडपणे सांग. तुला तसं सांगायची गरज नाही म्हणा.

काकूला नमस्कार. तुझी माया अशीच मिळत राहो.

तुझी
खारू


२२ ऑगस्ट

चि. खारूस,
अ. आ. वि. वि.

आता जमलं! बरणी शहाणी झाली. जिन्यावरचा उजेड पाहून तर मला दुकानाच्या मागच्या पायऱ्या आठवल्या. फोटो उशीशी घेऊन दुपारभर पडले होते. असेच सगळे कर.

शाल अंगावरच आहे, तिच्याकडे बघूनच सांगते. शाल राखाडी आहे. आणली तेव्हा निळी होती हे खरं, पण तू म्हणतेस तशी शाईसारखी नाही. राखेत निळीचा थेंब पडावा, तितपतच. पुढे धुऊन धुऊन तो थेंबही गेला. यंत्र थापा मारतंय. ज्याने शाल अंगावर घेतलेली नाही त्याला शालीतलं काय कळणार?

परवा मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचे यजमान वारले. भेटायला जाताना मुद्दाम हीच घेतली, म्हटलं दुःखाच्या घरी साधा रंग बरा. सगळे एकसारखे माझ्याकडेच बघत होते. वयाला मान असतो, दुसरं काय!

आणखी एक गंमत. तुझ्या काकूने मला फिरायला नेते सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मेवाल्याच्या बायकोला! भिंतीवर अक्षरांची पाटी होती, अगदी आपल्या दुकानातल्याच छापाची. मी वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवली. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. डॉक्टर थक्क झाला. तर तुझी काकू त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली, मग त्याने पाटी बदलली, आणि मग मला कंटाळा आला. तेव्हापासून काकूचं तोंड फुगलेलं आहे. आत्ताही हे लिहिताना उसासे टाकते आहे, पण ती उतरवणारी आहे, सांगणारी मी.

नमुन्याचा फोटो बिनधास्त दे. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी आजी


२५ ऑगस्ट

चि. खारू,
अ. आ.

हे पत्र माझं, काकूचं. सासूबाई शेजारी गेल्या आहेत. तुला काही कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. पण मुलांच्या वह्या तपासून तपासून माझी खोड झाली आहे, चूक दिसली की त्यावर लाल रेघ ओढल्याशिवाय राहवत नाही.

त्यांना नीट दिसत नाही. चहा कपाच्या बाजूला ओततात आणि कप गळका आहे म्हणतात. गेल्या आठवड्यात आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर काकाचा कोट टाकलेला होता, त्याला त्यांनी दोनदा चहा विचारला.

डॉक्टरांकडे काय झालं ते त्यांनी तुला त्यांच्या परीने सांगितलं. आता विचार कर, ज्यांना एक अक्षर ओळखता येत नाही त्यांनी पाटी वाचली कशी? दुकानात बसून तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकली, ती पाठ होती! डॉक्टर शाबासकी देणार, तेवढ्यात मी त्यांना सांगितलं की या बाई निरक्षर आहेत. मग त्यांनी वर-खाली तोंडाच्या काट्यांची पाटी लावली, तोंड कुठल्या बाजूला ते सांगायचं. सासूबाई ठोकून देत राहिल्या. एकही काटा बरोबर आला नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतका पिकू द्यायला नको होता, आता लांबवलं तर आत दुखणं होऊन नजर कायमची जाईल. पण यांचं एकच पालुपद. खारूचं काम चाललं आहे, तिला माझ्या नजरेची गरज आहे, तिची भिंत सजू दे, मग बघू.

आणि शाल निळीच आहे गं. अगदी शाईसारखी. मी तसं सांगितलं तर मला म्हणाल्या की तूच डोळे तपासून घे. शिंपीणबाईंच्या घरी सगळी माणसं फिक्या कपड्यांत आणि मध्ये या मोरासारख्या बसलेल्या. मी कुठे बघू आणि कुठे नको, असं झालं होतं मला.

काय करायचं ते तूच ठरव. पत्र फाडून टाक.

तुझी काकू


१ सप्टेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. काकूवर रागावू नकोस, आणि हे वाचताना तिने वाक्यं गाळली तरी मी फोनवर तुला परत सांगणार आहे.

काल दालनवाल्यांनी नमुन्याचा फोटो पसंत केला. फोटो दूर धरला, जवळ धरला, आणि म्हणाले की जुन्या स्लाइडचा नेमका हाच रंग, हा आजकाल कोणाला साधत नाही. भिंत मला मिळाली. उड्या मारत घरी आले आणि दाराखालून सरकवलेलं पत्र दिसलं. तेव्हापासून बसून आहे.

म्हणजे मी केलं काय, आजी? यंत्र खरं सांगत होतं, त्याला मी खोटं ठरवलं. आजोबांची फिल्म शोधायला निघाले आणि तुझ्या मोतीबिंदूपाशी पोचले. निळा कमी, पांढरा पिवळट, उजेडाला धुकं, हे सगळं तुझ्या डोळ्यांत होतं, स्लाइडमध्ये नव्हतं. आणि लोकांना तेच आवडलं! हसू की रडू समजत नाही. खोटं बोलून भिंत मिळवल्यासारखं वाटतं, आणि फोटोकडे बघितलं की तो खोटा वाटत नाही.

पण एक गोष्ट स्वच्छ कळते. तू माझ्यासाठी डोळे अडवून ठेवले आहेस, हे मी ऐकून घेणार नाही. माझ्या बारा फोटोंसाठी तू आंधळी होणार असशील तर मला भिंत नको. डॉक्टरांची तारीख कळव. नाहीतर मी दालनवाल्यांना नकार कळवते. मी तुझीच नात आहे, बोलले की करते.

राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी
खारू


९ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. आ. वि. वि.

आधी तुझ्या काकूबद्दल. ती फितूर आहे. मी तिला हे स्वतःच्या हाताने लिहायला लावते आहे, आणि तिचं अक्षर जरा बिघडलं असेल तर ते त्यामुळे. घरात मास्तरीण आणू नये, पाठांतर पकडते.

आता तुझं. आजीला धमकी देतेस? तुझ्या बापाला चालायला शिकवलं ते मी, आणि तू मला तारीख विचारतेस! दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून हे पत्र.

तुला वाटतं मी तुझ्यासाठी थांबले. तसं मीच सगळ्यांना सांगितलं, कारण ते कारण चांगलं दिसतं. पण खारू, खुर्चीवर कोट टाकलेला असला की मला त्यात माणूस दिसतो. काकूला त्याचं हसू येतं. मला सोबत होते. डॉक्टर म्हणे पडदा काढतो. पडदा निघाला की खुर्चीत कोट दिसणार, एवढंच ना?

दुसरं असं, की सगळं विटलं आहे. शाल विटली, भिंती विटल्या, गल्लीतली झाडं विटली. वय झालं की जगाचाही रंग उडतो, हे मी मानून घेतलं आहे. आता नवा डोळा घालून हे विटलेलं जग स्वच्छ बघायचं, त्यात मला काय मिळणार? तुझे फोटो मला आवडले ते यासाठी, की ते मला दिसतं तसंच दिसतात. त्यांनी माझ्याशी भांडण काढलं नाही.

पण तू भिंत सोडशील, हे मला माहीत आहे. हट्टाचं बी मीच पेरलंय. म्हणून मधला रस्ता काढला. उजवा डोळा डॉक्टरला देते. डावा माझ्याकडे ठेवते. तुझे बारा फोटो त्याने बघून झाले की पुढचं पुढे. डॉक्टरने कुरकुर केली, पण त्याला सांगितलं की दुकानदाराची बायको आहे, एकदम दोन्ही माल देत नसते.

तारीख काकू कळवेल. तिला तेवढंच काम उरलंय. आशीर्वाद मागू नकोस, ते आहेतच.

तुझी आजी


६ ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. आ. वि. वि.

पट्टी निघाली, थेंब चालू आहेत, वाकायचं नाही, रडायचं नाही अशी ताकीद आहे. मला काहीच कळेनासं झालं आहे, म्हणून लगेच लिहायला बसवलं.

घरी आले आणि पहिलं भांडण काकूशी. मी दवाखान्यात असताना तिने माझी शाल रंगवून आणली, असं मला वाटलं. चांगलं फैलावर घेतलं. ती शपथा घेऊ लागली. मग तिने डावा डोळा झाकून बघा, उजवा झाकून बघा, असं सुचवलं. खारू, उजव्या डोळ्याला शाल निळी आहे. डाव्याला राख. डोळ्यावर हात ठेवायचा, काढायचा, की शाल बदलते. एकाच खांद्यावर दोन शाली! अर्धा तास मी हाच खेळ करत बसले. काका म्हणाला, आईला डोळा मारायची सवय लागली.

भिंत पांढरी आहे. ती पांढरी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकूचे केस पिकलेत, हेही तिने लपवून ठेवलं होतं. आणि माझे हात कोणाचे आहेत, ते अजून ओळखू आले नाहीत.

मग तुझे फोटो पाकिटातून बाहेर काढले. डाव्या डोळ्याने बघितले, तर होते तसेच गोड. उजव्याने बघितले, तर माफ कर, भांडी विसळलेलं पाणी. दोन्ही उघडे ठेवले की डोकं गरगरतं. मग मी दुकानाच्या भिंतीवर पाहिलं ते काय होतं? तेव्हा तर माझे डोळे तरुण होते. तेव्हाही रंग मवाळच होते असं मला आठवतं, की आठवणीलाही मोतीबिंदू झाला? तू शिकलेली आहेस, तू सांग. आणि ती दाराची स्लाइड पाठव. यंत्रातून नको, खरी. आजोबांचं भिंग आहे माझ्याकडे, मीच बघते.

तुझी
एका डोळ्याची आजी


१४ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

स्लाइड कापसात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांत बांधून पाठवते आहे. कडेला धर, मध्ये बोट लावू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नाही. दालनवाल्यांना मी सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, ठरव तू, भिंत तुझीच आहे. म्हणजे तेही गोंधळले. आता बारा फोटो समोर मांडून बसले आहे. पंधरवड्यात प्रदर्शन. सगळे परत करायचे म्हटलं तर दिवस पुरणार नाहीत, आणि परत करायचे तरी कोणाच्या डोळ्याने? आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांचा तर एक फोटोही नाही डब्यात. सगळे काढले त्यांनीच.

तू सांगशील तसं करते. पण डावा डोळा माझ्यासाठी अडवू नकोस, एवढं ऐक. तुझी माया दोन्ही डोळ्यांनी हवी.

तुझी
खारू


२१ ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. आ. वि. वि.

स्लाइड सुखरूप आली. काल खिडकीशी बसले, शाल मांडीवर घेतली आणि भिंगातून पाहिलं. नव्या डोळ्याने. स्लाइडमधली शाल आणि मांडीवरची शाल, दोन्ही सारख्या. एक सूतभर फरक नाही. मी धुतली, वाळवली, उन्हात टाकली, इतकी वर्षं तिला नावं ठेवली, आणि ती होती तशीच आहे. काहीच विटलं नव्हतं गं. शाल नाही, झाडं नाहीत, काहीच नाही. माझ्याच डोळ्यांवर धूळ बसत गेली आणि मी जगाला जुनं म्हणत राहिले.

आणि तू कसली फोटोवाली? एवढे दिवस शालीचा रंग घेऊन बसलीस, दार कोणी बघायचं? माझ्या मागे दुकानाच्या दाराची काच आहे. त्या काचेत, शालीच्या कडेला, दोन्ही कोपरं बाहेर काढून एक माणूस उभा आहे. तोंडावर कॅमेरा. पण ती कोपरं मी ओळखते. दाराच्या चौकटीला दर वेळी आपटायची. काकूलाही दाखवलं. तिला आधी काही दिसेना, मग दिसलं, मग तिला लिहायला वेळ लागला. डॉक्टरने मला रडायला मनाई केली आहे, तिला नाही.

खुर्चीत आता कोट दिसतो. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, तेही दिसलं. शिवून घेतलं.

तर आता ऐक. बारा फोटो तसेच लाव. एकाही रंगाला हात लावू नकोस. ते आजोबांचे रंग नाहीत, पण खोटेही नाहीत. या घरात बसून मी इतकी वर्षं जे पाहिलं, ते तू तिकडे बसून नेमकं काढलंस. चोरी पकडली गेली म्हणून माल वाईट ठरत नाही. फक्त शेवटी ही दाराची स्लाइड लाव, मागून दिवा लावून, आहे त्या निळ्यासकट. म्हणजे लोकही माझ्यासारखे गरगरतील. मी एकटीनेच का गोंधळायचं?

मी येणार आहे. काका घेऊन येतोय, काकूही येते, तिच्याशिवाय मला वाचून कोण दाखवणार? उजवा डोळा हाताने झाकून एकदा पूर्ण भिंत बघेन. मग हात काढून तुझ्या आजोबांची कोपरं बघेन. दुसऱ्या दिवशी परत येऊन डावा डोळाही डॉक्टरला देऊन टाकते, तारीख घेतली आहे. आता त्या डोळ्याने बघायचं काही राहिलेलं नाही.

पाकिटात शालीचा एक धागा आहे, पदराकडून ओढून काढला. त्याचा रंग कोणता ते मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून तू बारा फोटो केलेस, तेवढं पुरे झालं. खिडकीशी जा आणि स्वतःच बघ.

आहे तेवढा लोभ राहू दे, तो धुऊन जात नाही असं दिसतं.

तुझी आजी
(अक्षर काकूचं. अक्कल, म्हणे, या वेळी थोडी तिचीही होती. लिहू दिलं.)